साबणाची आजी

कलासंग्रहालयात नेमाने येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिथल्या एका तरी पुतळ्याचं नाव धड सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण 'हात मागे'वाल्या बाई सगळ्यांना ठाऊक होत्या. निळा गणवेश, घट्ट बांधलेले केस, पायांत आवाज न करणारे रबरी बूट, आणि दाराजवळ एक लाकडी खुर्ची, जिच्यावर बाई क्वचितच बसत. त्या कधी ओरडत नसत. ओरडायची वेळच येत नसे. कुणाचा हात एखाद्या वस्तूपासून वीतभर लांब असतानाच मागून शांतपणे दोन शब्द यायचे, "हात मागे," आणि भल्याभल्यांचे हात चटका बसल्यासारखे खिशात जायचे. एकदा तर उद्घाटनाला आलेल्या बड्या पाहुण्यांनी फीत कापून झाल्यावर कौतुकाने दगडी सिंहाच्या आयाळीकडे हात नेला. बाईंनी पाहुणा बघितला नाही, हात बघितला. "हात मागे." पाहुणे इतके गडबडले की त्यांनी हातातली कात्रीसुद्धा परत करून टाकली.

घरीही तेच. त्यांचा नवरा बस चालवून निवृत्त झालेला, गप्पिष्ट, गोडखाऊ आणि डॉक्टरांनी गोड बंद केलेला. बिस्किटांच्या डब्याकडे त्याचा हात जायला आणि स्वयंपाकघरातून आवाज यायला एकच गाठ पडायची. "तुला पाठीला डोळे आहेत का गं?" तो विचारायचा. "माझ्या बसच्या आरशात एवढं दिसत नव्हतं!"

हे बाई उपजतच शिकून आल्या होत्या, असं लोकांना वाटे. तसं नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा पहिल्याच सकाळी फळीवरची डब्यांची चकचकीत रांग बघून त्यांनी कौतुकाने हात पुढे केला. मागून सासूबाई म्हणाल्या, "हात लावू नकोस. माझी मांडणी बिघडते." आवाज शांत. एवढंच वाक्य. पण बाईंचा हात जो मागे आला तो आलाच, आणि पुढे पोटापाण्यासाठी पहारेकरणीची नोकरी धरली तेव्हा तेच वाक्य निम्मं करून त्यांनी आयुष्यभर वापरलं.

आता सासूबाई खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. पाय थकले होते, घरात चाकांच्या खुर्चीतून फिरायच्या. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते त्यांच्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. अंघोळ आपली आपण, वेणी आपली आपण. उठताना कुणी आधार द्यायला गेलं की, "मी काय काचेची आहे?" बाई पाणी तापवून ठेवत, कपडे हाताशी ठेवत, दाराबाहेर कान देऊन उभ्या राहत. हात मात्र लावत नसत. दोघींचं भांडण होतं म्हणाल तर अजिबात नाही. मायाही होती. पण ती संग्रहालयातल्या कपाटात ठेवल्यासारखी होती, काचेपलीकडून बघायची.

बाईंची बहुतेक नोकरी जुन्या दगडी पुतळ्यांच्या दालनात गेली. नाक उडालेली राणी, गुडघ्याला चीर गेलेला घोडेस्वार, पोट सुटलेला कुणी सरदार, ही त्यांची माणसं. सकाळी दिवे लावताना त्या मनातल्या मनात सगळ्यांची विचारपूस करायच्या. मग मागच्या अंगाला नवं दालन बांधलं गेलं, तिथे आजच्या शिल्पकारांची प्रदर्शनं लागायला लागली, आणि तिथे येणाऱ्यांचे हात फारच सैल आहेत म्हणून साहेबांनी बाईंना तिकडे धाडलं. बाईंच्या जिवावर आलं. पहिल्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी आत नजर टाकली. जमिनीवर पत्रे, कोपऱ्यात वायरींचं भेंडोळं, मधोमध एक मोडकं कपाट.

"साहेब," त्यांनी विचारलं, "हे प्रदर्शन लागायचंय की आवरायचंय?"

"लागलंय," साहेब म्हणाले.

त्यानंतर एकामागून एक कलावंत येत गेले. त्यांची नावं बाईंच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. पहिला खुर्चीवाला. त्याने छताला खुर्च्याच खुर्च्या उलट्या टांगल्या. मांडणी करताना बाईंची खुर्ची त्याला इतकी आवडली की तीही वर गेली. महिनाभर बाई उभ्या आणि त्यांची खुर्ची डोक्यावर. घरी येऊन पाय शेकत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "असली कला माझ्या वैऱ्याच्याही नशिबी न येवो."

मग आली दोरेवाली. तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरे दोरे ताणले, इतके की मधून चालायला बोळच उरला. बाईंना तो निव्वळ गुंता वाटला. पण एका दुपारी वरच्या खिडकीतून ऊन आलं, दोऱ्यांवर चढलं, आणि बघता बघता सगळं दालन पाण्याखाली गेल्यासारखं हललं. बाई बोळात एकट्याच उभ्या होत्या. पुढे रोज दुपारी त्या वेळेला त्यांना नेमकं त्याच बोळात काहीतरी तपासायचं असायचं. "आज ढग होते," त्या घरी येऊन नाराजीने सांगायच्या, आणि नवरा डोळे मिचकावायचा, "वा! बाईसाहेबांना नाद लागला की कलेचा."

नाद लागलाच होता. मांडणी झाल्यावर जो कलावंत स्वतः केर काढतो तो मनाचा खरा, अशी त्यांची एक कसोटीही तयार झाली होती. तेवढ्यात आला बादलीवाला. त्याने छतातून पाण्याचे थेंब पाडले आणि खाली निरनिराळ्या बादल्या ठेवल्या. टप, टिप, टुप. दुसऱ्या दिवशी तो नसताना बाईंनी ते पाहिलं, छत गळतंय म्हणून तडक प्लंबरला बोलावलं आणि गळती बंद करून घेतली. प्लंबरला चहाही पाजला. बादलीवाला आला तेव्हा दालनात शुकशुकाट आणि कोरड्या बादल्या! मोठा गोंधळ झाला. साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, "नव्या दालनात तुम्ही आपणहून कशालाही हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. काय वाट्टेल ते दिसो." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंनी कानाला खडा लावला.

आणि त्यानंतर साबणवाली आली.

ही अगदी तरुण, बारकीशी मुलगी. पहिलंच प्रदर्शन. तिने कपडे धुवायच्या साध्या पिवळ्या साबणाच्या ढीगभर वड्या वितळवून, ओतून, कोरून एक म्हातारी घडवली होती. जमिनीवरच्या ठेंगण्या चौथऱ्यावर ती म्हातारी कुशीवर झोपली होती, एक हात उशाला, गुडघे पोटाशी. तोंड भिंतीकडे. आणि सुरकुत्या! गालावर, मानेवर, कोपरावर, बोटांच्या पेरांवर, इतक्या बारीक आणि इतक्या खऱ्या की बाईंना वाटलं आता ही कूस बदलेल. शेजारी मुलीने एक साधं बेसिन आणि नळ बसवून घेतला. माहितीची पाटी लावलीच नाही. सगळं झाल्यावर तिने स्वतः केर काढला, ओल्या फडक्याने फरशी पुसली, आणि आई आजारी आहे म्हणून घाईघाईने गावी निघून गेली. साहेबांना काय सांगायचं ते सांगून गेली असणार. पण साहेब दुसऱ्या प्रदर्शनाच्या मांडणीला परगावी जायच्या गडबडीत होते. जाता जाता बाईंना एवढंच म्हणाले, "बाई, या प्रदर्शनात जरा मोकळेपणा असू द्या." बाईंनी आपली खुर्ची वाटेतून बाजूला घेतली.

आजीला त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. म्हातारीचं तोंड भिंतीकडे, म्हणून बाई भिंत आणि चौथरा यांच्या मधल्या अरुंद जागेत उभ्या राहायच्या, समोरून सगळे हात दिसावेत म्हणून. पहिल्याच दिवशी लोकांची लक्षणं बघून त्यांनी भोवती दोरी बांधली. कुणी उगाच पाणी सांडू नये म्हणून नळाला फडकं गुंडाळलं. दालनभर साबणाचा स्वच्छ वास असायचा. बाईंना तो फार आवडायचा.

निम्मं प्रदर्शन सरल्यावर एका सकाळी, दालन उघडायच्या आधी, साबणवाली परत आली. बाई लगबगीने पुढे झाल्या.

"या ताई, या. आईची तब्येत कशी आहे? इकडची काही काळजी करू नका. तुमच्या आजीला एकाही माणसाचं बोट लागू दिलेलं नाही मी."

मुलगी आजीजवळ गेली. गालावरून हात फिरवला. साबण वाळून कडक झाला होता. तिने दोरीकडे बघितलं, फडक्यात गुंडाळलेल्या नळाकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

"एकानेही हात लावला नाही?"

"एकानेही नाही," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला हीच भीती होती. म्हातारं अंग, त्यात साबणाचं. कुणाला वाटणार हात लावावासा? कुणालाच वाटलं नाही ना?"

"वाटलं नाही?" बाईंना आता रागच आला. आपल्या कष्टांची किंमतच नाही म्हणजे काय! "अहो, वाटलं नाही काय म्हणता? नुसती झुंबड! पहिल्या दिवशी एक सूटबूटवाले गृहस्थ, चांगले शिकलेले, बाही वर करून सरळ पायाला हात लावायला निघाले. मी अडवलं. शाळेच्या मास्तरीणबाई आल्या, मुलांना म्हणतात कशा, हात लावायचा नाही हं, आणि स्वतःच वाकल्या! एक बाई कडेवरच्या बाळाचा हात धरून आजीच्या गालाकडे नेत होती. बाळाचा! आणि एक आजोबा आहेत, रोज येतात मेले. बोलत नाहीत काही. उभे राहतात, खिशातून हात काढतात, माझ्याकडे बघतात, परत आत घालतात."

"आणखी?" मुलीने विचारलं. तिने डोळे पुसले होते.

"आणखी किती सांगू? दोन पोरी होत्या, त्या तर रडायलाच लागल्या, एकदाच लावू द्या म्हणून."

"आणखी कोण?"

बाई तक्रार करत गेल्या तसतसा मुलीचा चेहरा उजळत गेला. ते बाईंच्या लक्षात आलं आणि त्या बोलता बोलता थांबल्या. कुठेतरी काहीतरी चुकत होतं.

"बाई," मुलगी म्हणाली, "त्यांनी हात लावावा म्हणूनच तर ती तिथे आहे."

मग तिने सगळं सांगितलं. तिची आजी लोकांचे कपडे धुवायची. जन्मभर साबणात हात, पण तिच्या अंगावरून मायेने कुणी हात फिरवलाय असं कुणाला आठवत नव्हतं. म्हणून ही साबणाची आजी. येणाऱ्याने हात ओले करावेत आणि तिला गोंजारावं. रोज सुरकुत्या थोड्या थोड्या पुसल्या जातील आणि शेवटच्या दिवशी चौथऱ्यावर तरुण मुलगी झोपलेली असेल. "आईला मी कबूल केलंय. ती आता बरी आहे. म्हटलं, शेवटच्या दिवशी ये, तुला तुझी आई तरुण दिसेल. तिने तिला तशी कधी पाहिलीच नाही."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. बादलीवाल्याच्या वेळी निदान प्लंबर तरी सोबतीला होता. इथे तर सगळं एकटीचं कर्तृत्व.

"मग पाटी का नाही लावलीत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पाटी लावली की लोक सांगितलं म्हणून हात लावतात. मला आपणहून आलेला हात हवा होता." मुलगी हसली. "आणि आले की हो! एवढे आले! तुम्ही नसतात तर मला कळलंच नसतं." ती खरंच रागावली नव्हती. पण ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना झालं.

दोरी सुटली, नळाचं फडकं निघालं. पण आता गंमत अशी झाली की कुणी पुढे येईना. नेहमीचे लोक बाईंना बघूनच हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. बाई शक्य तितक्या प्रेमाने म्हणायच्या, "लावा हात." पण इतक्या वर्षांच्या सवयीने ते असं काही बाहेर पडायचं की माणसं दचकून दाराकडे सरकायची. एका गृहस्थांनी तर, "नाही हो, मी लावतच नव्हतो," अशी शपथ घेतली. बाई दाराआड लपून बघायला लागल्या तर लोक त्यांना शोधायचे. जे हात लावायचे ते इस्त्री तापली का बघावी तसं एका बोटाने. वाळून दगड झालेला साबण एका बोटाला काय दाद देणार? सुरकुत्या जागच्या जागी. दिवस मात्र चालले होते.

घरी बाईंचं जेवणात लक्ष लागेना. नवऱ्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. तो आधी पोट धरून हसला, मग बायकोचं तोंड बघून गप्प झाला.

"लोकांना भीड पडते," बाई म्हणाल्या. "कुणीतरी एकाने बिनधास्त सुरुवात करायला हवी. माझं न ऐकणारं माणूस कुठून आणू?"

नवऱ्याने हळूच आतल्या खोलीकडे हनुवटी उडवली. तिथून सासूबाईंचा आवाज आलाच, "माझ्याबद्दल काय चाललंय?"

रविवारी नवऱ्याने आईला चाकांच्या खुर्चीतून संग्रहालयात आणलं. दालनात बरीच गर्दी होती, सगळ्यांचे हात पाठीमागे. ते रोजचे आजोबाही होते. सासूबाईंनी चष्मा पुसला, चौथऱ्याकडे निरखून बघितलं.

"ही कोण?"

"आजी आहे," बाई म्हणाल्या. "साबणाची."

"ते दिसतंय मला. एवढी माणसं भोवती उभी आणि हिच्याकडे बघणारं एकही नाही? किती वाळलीये ती! पाणी आण."

बाईंनी बादली भरून आणली. सासूबाईंनी बाह्या वर केल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि आजीच्या पाठीवर ठेवले. दालन एकदम चिडीचूप झालं. सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. ते दोन शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते पाण्यासारखे गिळून टाकले.

"बरं वाटतंय का?" सासूबाई साबणाच्या आजीला विचारत होत्या. "पाठ धरलीये बघ तुझी. एकाच कुशीवर झोपतेस ना? मीही तशीच." त्यांचे हात गोल गोल फिरत होते. हळूहळू फेस यायला लागला. पाठीवरची पहिली रेघ पुसली गेली तसं गर्दीतून कुणीतरी "अहाहा" म्हणालं. सासूबाईंनी मान वळवली. "अहाहा काय? मी एकटीने कुठवर करू? ए उंच माणसा, तू पायांकडे ये. मुली, तू कोपर धर. अंगठी काढ आधी, ओरखडा पडेल. आणि बोटं काय लावता रे, तळवा लावा तळवा!"

मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. माणसं नळाशी रांग लावायला लागली. कुणी आजीचे पाय चोळतंय, कुणी मान. कुणी आपल्या आजीच्या गोष्टी सांगतंय, त्या ऐकून दुसरा आपल्या आत्याच्या सांगतोय. फेस चौथऱ्यावरून खाली ओघळला. ते रोजचे आजोबा शेवटी पुढे आले. त्यांनी खिशातून हात काढले, ओले केले, आजीचा मोकळा तळहात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसेच बसून राहिले. त्यांना कुणी उठवलं नाही. साबणवाली कोपऱ्यात उभी राहून हसत होती आणि रडतही होती. बाई पोछा घेऊन फरशीवरून पळत होत्या. आपल्या दालनात एवढा पसारा आणि आपल्याला एवढा आनंद, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं.

ही गोष्ट षट्कर्णी झाली. पुढचे सगळे दिवस लोक टॉवेल घेऊन यायला लागले. बाई दारातच सांगायच्या, "बाह्या वर घ्या." हे मात्र त्यांच्या तोंडून छान यायचं. आजी रोज बदलत होती. गाल भरले, मान सरळ झाली, कोपर गोल झाला. फक्त बाईंनी एकदाही हात लावला नाही. पोछा मारायचा असतो, पाणी बदलायचं असतं, वेळच कुठे मिळतो, असं त्या स्वतःला सांगायच्या. खरं म्हणजे एकदा दालन रिकामं असताना त्यांनी प्रयत्न केला होता. हात वीतभर अंतरावर गेला आणि आपला आपणच परत आला.

शेवटच्या दिवशी मुलीची आई आली. काठी टेकत, लेकीचा हात धरून. चौथऱ्यावर एक तरुण मुलगी कुशीवर झोपली होती, दिवसभर खेळून दमल्यासारखी. आईने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग भिंतीच्या बाजूने वाकून तिने चेहरा बघितला आणि एकदम हसली.

"अगं, ही आठी राहिली की."

खरंच राहिली होती. दोन भुवयांच्या मधोमध एक खोल, उभी आठी. तिथे हात पोचायचा तर भिंत आणि चौथऱ्याच्या मधल्या जागेतूनच पोचणार, आणि ती जागा बाईंची. बाई दारात असल्या तरी तिथे शिरायची कुणाची छाती झाली नव्हती.

"ही माझ्यामुळे पडलेली आठी," आई म्हणाली. "फार छळलं मी तिला लहानपणी. काढा हो कुणीतरी."

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंनी हात ओले केले, आपल्या जागेवर जाऊन वाकल्या. हात वीतभर अंतरावर थांबलाच. त्यांनी डोळे मिटले आणि तो पुढे ढकलला. अंगठ्याला गुळगुळीत, गार कपाळ लागलं. आयुष्यभर त्यांनी दगडाच्या राण्या जपल्या, पण एकीचाही गाल हाताला कसा लागतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या अंगठा फिरवत राहिल्या, हलकेच, वरून खाली, वरून खाली, आणि आठी गेली तेव्हा मुलीच्या आईने त्यांचा ओला हात धरून आपल्या गालाला लावला.

संध्याकाळी घरी आल्यावर बाई नेहमीसारख्या आतल्या खोलीत गेल्या. सासूबाई पलंगावर उशीला टेकून पडल्या होत्या. बाईंनी पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, चष्मा उचलून त्याच्या डबीत ठेवला.

"वास येतोय," सासूबाई म्हणाल्या. "लावलास वाटतं हात शेवटी."

"लावला."

"कुठे?"

"कपाळाला. एक आठी राहिली होती."

"कशी काढलीस?"

बाईंना सांगता येईना. त्यांनी दाखवायला म्हणून हात पुढे केला आणि तो सवयीने वीतभर अंतरावर थांबला. बाई वाट बघत राहिल्या. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ऐकलेलं ते वाक्य आता येईल, मग येईल. सासूबाईंनी नुसते डोळे मिटले.

बाईंनी अंगठा त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये ठेवला. कपाळ कोमट होतं आणि कातडी अगदी पातळ, मऊ. दारात नवरा आला होता, हातात बिस्किटांचा डबा होता, पण तो बघायला आज कुणाला सवड नव्हती आणि त्यालाही तो उघडायचं सुचलं नाही. बाई हलकेच अंगठा फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने, आता पुरे झालं असेल, म्हातारीला झोप लागली असेल, असं वाटून त्या थांबल्या.

सासूबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "थांबलीस का? माझ्या बऱ्याच आहेत अजून."